अर्धं हळकुंड

पूर्वी, अण्णा सांगतात, सांगलीच्या यार्डात भाव कुणी बोलायचं नाही.
दलाल हातावर रुमाल टाकायचा,
रुमालाखाली बोटांना बोटं सापडायची,
अंगठा दाबला तर एक आकडा, करंगळी ओढली तर दुसरा.
शेतकरी समोर उभा. त्याची राजापुरी
त्याच्या डोळ्यांदेखत विकली जायची
आणि त्याला दिसायचा फक्त हलणारा रुमाल.

मी वहीत लिहिलं: प्रेक्षक.
मग खोडलं.
ज्याच्याशिवाय खेळ उभा राहत नाही
आणि ज्याला खेळ दिसत नाही, त्याला काय म्हणायचं?
गुळवणी मॅडमनी समासात शिसपेन्सिलीनं लिहिलं,
'छान. पण संदर्भ द्या.'

संदर्भ: बिरू म्हाळू लवटे, वय एकसष्ट, बिल्ला नंबर दोनशे सात,
तीस वर्षं पाठीवर हळदीचं पोतं.
आमच्या घरात पांढरा गंजीफ्रॉक कधी वाळत पडला नाही.
चैतात मात्र दोन दिवस खाडा.
आरेवाडीच्या बनात, ढोलाच्या रिंगणात,
अण्णांच्या हातात रुमाल असतो
आणि त्याच्याखाली काहीच लपलेलं नसतं.

वर उधळतात ती हळदच.
यार्डातलीच, किलोवर घेतलेली,
पावती माझ्याकडं आहे (परिशिष्ट तीन).
मुठीत असेपर्यंत तिला भाव,
खाली येते तो भंडारा.
माझा प्रबंध एवढाच, की मधे नेमकं कुठं?

"अण्णा, नाचताना तुम्ही तुम्हीच असता का?"
"मग मधनंच बिडी कोण मागतंय?"
नंतर, गुडघ्याला तेल चोळत,
"ह्यो यार्डात दुखतोय. बनात दुखत न्हाई.
तुझ्या पुस्तकात ह्यातलं काय बसतंय ते बघ."
आई भाकरी थापता थापता म्हणाली,
"अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालीया."
मी तिला व्हिडिओ दाखवला. सुरुवात: रात्री नऊ बारा.
तिनं बघितला, पिठाचा हात मोबाईलला न लावता.
"मंगळवारपास्नं त्यांच्या पायात चप्पल न्हाई.
ते आलंय का ह्यात?"

जानेवारीत विश्रामबागला कॉलेजात परिसंवाद.
वीस मिनिटं. ढोल एकच आणा.
घोंगडी चालेल, पटका तर हवाच.
भंडारा नको, गालिचा नवा आहे.
अण्णांनी मान हलवली,
पोतं पाठीवर बसलं की हलवतात तशी.

ट्यूबलाइट. खुर्च्यांच्या सरळ रांगा.
दाराबाहेर एकच चपलांचा जोड.
ढोलानं आधी त्या हॉलचा आवाज चाचपला,
मग अण्णांचे पाय सुटले, मग रुमाल,
आणि मी, कॅमेऱ्यामागं, वेळ मोजायची विसरले.
शेवटी हात कमरेच्या पिशवीत गेला.
पिशवी रिकामी होती.
सकाळी मीच झटकली होती, दोनदा.
मूठ वर आली.
उघडली.

पहिल्या रांगेनं डोळे मिटले.
प्राचार्यांनी खांदा झटकला.
गुळवणी मॅडम पदरानं चष्मा पुसत राहिल्या,
लावला, काढला, पुन्हा पुसला,
काचेत काहीतरी राहिलं असावं तशा.
सगळे चहाला गेल्यावर मी वाकून पाहिलं.
गालिचा नवाच होता.

परतीच्या बसमध्ये मांडीवर शाल, शालीवर नारळ.
अण्णांनी यार्डात फोन लावला,
"राजापुरी काय निघाली आज?"
ऐकलं, हं म्हणाले, फोन खिशात टाकला.
खिडकीतून उसाचा ट्रॅक्टर बराच वेळ सोबत चालला.
राम मंदिर चौकाच्या अलीकडं
त्यांचा हात हळूच गुडघ्यावर गेला.

मी घड्याळ पाहिलं.
वहीत लिहिलं: शेवट, सहा बेचाळीस.